नंदू भेंडे : मराठी घरातला रॉक गायक

(द्वितीय वर्ष, कला)

गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी घाटकोपरच्या कोणत्याही नाक्यावर उभे राहा. दिवसभरात एक गाणे चार-पाच वेळा तरी कानांवर पडतेच. 'डिस्को डान्सर' या १९८२ सालच्या हिंदी चित्रपटातले 'कृष्णा धरती पे आजा तू' हे ते गाणे. माझे वडील नोकरी सांभाळून एका बेंजो पार्टीत की-बोर्ड वाजवतात. दहीहंडीच्या दिवशी ते पहाटे घर सोडतात ते मध्यरात्री परततात, आणि त्या दिवशी त्यांच्या पार्टीला हे गाणे वाजवल्यावाचून कोणी सोडत नाही. लहानपणापासून मी ते इतक्यांदा ऐकले आहे, की ते कोणी तरी गायिले असेल हा विचारच कधी मनात आला नव्हता. जशी आरती असते, तसे ते होते.

दोन वर्षांपूर्वी सहज म्हणून बाबांना विचारले, "हे गाणे मुळात गायिले कोणी?" बाबा म्हणाले, "बप्पीदांचेच असेल." तीस वर्षे जे गाणे वाजवून आमच्या घराला हातभार लागला, त्याच्या गायकाचे नाव बाबांना ठाऊक नव्हते, याचे मला नवल वाटले. मोबाइलवर शोधले तेव्हा नाव निघाले : नंदू भेंडे. मी ते मोठ्याने वाचले. बाबा जेवता जेवता थांबले. "भेंडे? म्हणजे आपला मराठी माणूस? आत्माराम भेंड्यांचा कोण?"

मुलगा, असे उत्तर मिळाले आणि या लेखाला सुरुवात झाली.

प्रथमच एक गोष्ट कबूल केली पाहिजे. रॉक संगीत हे आपले नव्हे, असे मी गृहीत धरून चालले होते. माझे शिक्षण महापालिकेच्या मराठी शाळेत झाले. महाविद्यालयाची पायरी चढणारी आमच्या घरातली मी पहिलीच. गिटारची काळी पेटी पाठीला लावून लोकलमध्ये चढणारी मुले पाहिली, की ही इंग्रजी शाळेतली, मोठ्या घरातली, असे मनात येई. त्यांचे संगीत त्यांच्यापाशी आणि आमचा बेंजो आमच्यापाशी. त्यामुळे मराठी आडनावाचा एक माणूस पन्नास वर्षांपूर्वी मुंबईत रॉक गायक म्हणून गाजला होता, हे वाचून मला आनंदापेक्षा बुचकळ्यातच पडल्यासारखे झाले. तो कोणत्या भाषेत गात होता? कोणासाठी गात होता? आणि आम्हाला त्याचे नाव का ठाऊक नाही?

नंदू भेंडे यांचे घर पाहिले म्हणजे पहिल्या प्रश्नाची थोडी उकल होते. वडील आत्माराम भेंडे (१९२३–२०१५) हे मराठी रंगभूमीवरचे नामांकित नट आणि दिग्दर्शक. बबन प्रभूंचे 'झोपी गेलेला जागा झाला', 'दिनूच्या सासूबाई राधाबाई' यांसारखे फार्स आणि भेंडे हे समीकरण आमच्या आजोबांच्या पिढीत पक्के होते. फार्स म्हणजे घड्याळाच्या काट्यावर चालणारे नाटक. एक दार क्षणभर उशिरा उघडले तरी हशा वाया जातो. आई आशा भेंडे याही रंगभूमीवरील अभिनेत्री, परंतु त्यांची दुसरी ओळख आपल्या महाविद्यालयातील समाजशास्त्र-अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना अधिक जवळची वाटेल. लोकसंख्याशास्त्रावर तारा कानिटकर यांच्यासह त्यांनी लिहिलेले इंग्रजी पाठ्यपुस्तक अनेक वर्षे प्रमाण मानले गेले. देवनारच्या लोकसंख्या अभ्यास संस्थेत त्यांनी अध्यापन केले. एकाच घरात आई-वडील दोघेही रंगमंचावर आणि त्यात आई पुन्हा विदुषी, असे हे वातावरण होते.

आशाबाई मूळच्या बेने इस्रायल समाजातल्या, माहेरच्या इझिकेल. इंग्रजीतले विख्यात भारतीय कवी निस्सीम इझिकेल हे त्यांचे भाऊ, म्हणजे नंदूंचे मामा. हे मामा १९६१ ते १९७२ या काळात आपल्या उपनगरातच, विलेपार्ल्याच्या मिठीबाई महाविद्यालयात इंग्रजी शिकवत होते. बेने इस्रायल हा कोकणकिनाऱ्यावर शतकानुशतके वसलेला ज्यू समाज. त्यांचा परंपरागत धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांची मातृभाषा मराठी. येथे जरा आडवाटेला जाते, कारण मला या साऱ्या शोधात सर्वांत अधिक आवडलेली गोष्ट हीच आहे : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या समाजातल्या मंडळींनी आपल्या धर्मग्रंथातल्या कथा मराठी कीर्तनातून सांगायला सुरुवात केली. साकी, दिंडी, ओवी अशा आपल्याच चाली, आणि आख्यान मात्र अब्राहाम, योसेफ, मोशे यांचे. परकी कथा आणि देशी गळा असा संसार त्यांनी कसलाही गाजावाजा न करता थाटला होता.

असा वारसा असलेल्या घरातला मुलगा १९७० च्या सुमारास गाऊ लागला, तेव्हा तो इंग्रजीत गाऊ लागला. मामांनी कविता इंग्रजीत लिहिली, भाच्याने गाणे इंग्रजीत म्हटले. मामांनी निदान १९७४ मध्ये वृंदा नाबर यांच्या साहाय्याने इंदिरा संतांच्या कवितांचा इंग्रजी अनुवाद करून मराठीशी आपले नाते जपले. भाच्याला मराठीकडे यायला आणखी चार वर्षे लागणार होती.

त्या काळातल्या मुंबईतील रॉक संगीताची कल्पना आज आपल्याला सहज येत नाही. इलेक्ट्रिक गिटार, बास गिटार, ड्रम आणि ध्वनिवर्धक एवढे साहित्य असले की बँड उभा राहतो, असे वाटते. पण परदेशी मालावर कडक निर्बंध असलेल्या त्या दिवसांत हे साहित्य मिळवणे हीच एक साधना होती. कोणी नातेवाईक परदेशातून यायचा, कोणी बोटीवरचा खलाशी विकायचा, नाही तर कलकत्त्यात तयार होणाऱ्या गिटारींवर भागवायचे. गाणी शिकायची ती रेडिओवरून आणि घासून घासून खरखरणाऱ्या तबकड्यांवरून. सिमला नावाच्या सिगारेटच्या जाहिरातीसाठी 'सिमला बीट' ही अखिल भारतीय बँड-स्पर्धा भरत असे. तिच्या १९७० आणि १९७१ च्या तबकड्या निघाल्या आहेत. या बँडांतले पुष्कळसे वादक-गायक गोव्याचे ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, पारशी किंवा इंग्रजी शाळांतून शिकलेले, आणि गाणी बहुतेक विलायती बँडांची जशीच्या तशी. नंदू भेंडे 'सॅव्हेज एन्काउंटर' आणि 'वेल्व्हेट फॉग' या बँडांतून गायिले. अशा ठिकाणी 'भेंडे' हे आडनाव कसे वाटत असेल, याचा मी पुष्कळ विचार केला. आमच्या वर्गात इंग्रजीच्या तासाला माझे नाव पुकारले की मी कशी दचकते, ते मला ठाऊक आहे. पण त्यांच्या घरी इंग्रजी परके नव्हतेच. तेव्हा ही तुलना खोटी आहे, हे मान्य करून पुढे जाते.

१९७४ साली अॅलिक पदमसी यांनी मुंबईत 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' हे संगीतक उभे केले. अँड्र्यू लॉइड वेबर यांचे संगीत आणि टिम राइस यांचे शब्द असलेली ही कृती आधी १९७० मध्ये तबकडीच्या रूपाने निघाली आणि मग १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आली. तीन वर्षांत ती मुंबईच्या रंगमंचावर होती, हे त्या काळाच्या मानाने फारच लवकर झाले. यात संवाद जवळजवळ नाहीतच. सगळी कथा गाण्यांतून पुढे सरकते. आपल्या संगीत नाटकाची सवय असलेल्या माणसाला यात विचित्र असे काहीच वाटू नये. नंदू भेंडे यांनी यात यहूदाची भूमिका केली, म्हणजे येशूला तीस नाण्यांसाठी शत्रूच्या हाती देणाऱ्या शिष्याची.

ही दुय्यम भूमिका आहे असे कोणी समजू नये. या संगीतकात पहिले गाणे यहूदाचे आहे आणि सगळी गोष्ट जणू त्याच्या नजरेने दिसते. आपल्या गुरूला लोक देव मानू लागले आहेत, याचा शेवट रोमन सैन्याच्या तलवारीने होणार, आपली माणसे चिरडली जाणार, असे त्याला स्पष्ट दिसते. तो गद्दार म्हणून जन्मलेला नाही. भीतीने आणि प्रेमाने तो तेथवर पोचतो. गायनाच्या दृष्टीने ही भूमिका फार कठीण. आवाज खालच्या पट्टीत संथ सुरू होतो आणि बघता बघता अशा टिपेला जातो, की तेथे गाणे आणि ओरडणे यांतली रेषा पुसली जाते. रॉक गायकाची खरी परीक्षा तेथे असते : आवाज फाटल्यासारखा वाटला पाहिजे, पण सूर फाटता कामा नये. आमचे बाबा म्हणतात, की बेंजोची तार शेवटच्या पडद्यावर दाबताना हाच प्रश्न येतो.

आता १९७८ साल. पुण्याच्या थिएटर अॅकॅडमीने पु. ल. देशपांडे यांचे 'तीन पैशाचा तमाशा' रंगमंचावर आणले. दिग्दर्शक होते डॉ. जब्बार पटेल. 'घाशीराम कोतवाल'वरून वाद होऊन बाहेर पडलेल्या मंडळींनी १९७३ मध्ये ही संस्था काढली होती. बर्टोल्ट ब्रेश्ट या जर्मन नाटककाराचे, कुर्ट वाइल यांच्या संगीताचे मूळ नाटक १९२८ मध्ये बर्लिनला झाले, आणि तेही बरोबर दोनशे वर्षे जुन्या, १७२८ सालच्या जॉन गे यांच्या इंग्रजी संगीतिकेवर बेतलेले. म्हणजे लंडनचा चोर बर्लिनमार्गे मराठीत आला. मूळच्या मॅकहीथचा येथे अंकुश झाला, आणि ती भूमिका नंदू भेंडे यांना मिळाली.

हे नाटक मी ग्रंथालयातून नेऊन वाचले, दोनदा वाचले. पुलंच्या विनोदाने हसू येत राहते, पण माझे लक्ष दुसरीकडे होते. या प्रयोगाच्या संगीतात एक मोठी युक्ती होती. नाट्यसंगीत, लावणी आणि पाश्चात्य पॉप-रॉक हे सगळे एकाच नाटकात, एकमेकांच्या शेजारी बसवले होते. ब्रेश्टला गाणे कथेत विरघळून जायला नको असे. गाण्याने प्रेक्षकाला टोचून जागे करावे, असे त्याचे मत. तेव्हा जुन्या वळणाच्या पदानंतर एकदम रॉकची गर्जना आली, तर प्रेक्षक सावरून बसणारच. आणि ती गर्जना मराठीत. इंग्रजीची नक्कल नाही, हिंदीची उसनवारी नाही; मराठी शब्द, मराठी व्यंजने, आणि गळा मात्र यहूदाच्या गाण्यांवर तापलेला. चार वर्षांपूर्वी ज्या माणसाला ऐकायला इंग्रजी नाटकांचा प्रेक्षक गर्दी करत होता, त्याला आता संगीत नाटकाच्या सवयीचा मराठी प्रेक्षक ऐकत होता. माझ्या मते नंदू भेंडे यांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोलाचा क्षण हाच. 'डिस्को डान्सर'ची लोकप्रियता याच्या पासंगालाही पुरत नाही, असे मी म्हणेन, मग आमच्या नाक्यावरचे लोक काहीही म्हणोत.

परंतु एक खटकणारी गोष्टही येथेच नोंदवली पाहिजे. हा आवाज दोन्ही नाटकांत कोणाला दिला गेला? एकदा गद्दाराला आणि एकदा गुंडाला. भला माणूस शुद्ध सुरात गाणार आणि वाट चुकलेला माणूस रॉक गाणार, अशी वाटणी पक्की झाली. दोन्ही नाटके या वाटणीवर प्रश्नचिन्ह लावतात, हे खरे. यहूदाची आणि अंकुशाची बाजू पटू लागते, हीच तर त्यांची ताकद. पण नाट्यगृहातून बाहेर पडणारा प्रत्येक जण एवढे लक्षात ठेवतो का? आजही मराठी मालिकेत बिघडलेला मुलगा दाखवायचा असला, की पार्श्वभूमीला गिटार वाजते.

याच काळात पोलंडमध्ये काय घडत होते ते पाहिले, तर आपल्याकडे काय घडले नाही ते कळते. तेथल्या कम्युनिस्ट राजवटीला 'रॉक अँड रोल' हे अमेरिकन नाव सोसत नव्हते, म्हणून तेथे 'बिग बीट' असे नाव रूढ झाले. पोलिश तरुण पोलिश गाणी गातो, अशा अर्थाची घोषणा घेऊन बँड निघाले. त्यांपैकी एकातून चेस्वाव नेमेन (१९३९–२००४) हा गायक पुढे आला. १९६७ मध्ये त्याने स्वतः रचलेल्या निषेधाच्या पोलिश गाण्याने देश हलवला. १९७० मध्ये तर त्याने नॉर्विद या एकोणिसाव्या शतकातल्या अवघड कवीची कविता घेऊन, ऑर्गन आणि समूहस्वरांच्या साथीने सुमारे सोळा मिनिटांची रचना केली. आपल्याकडे कोणी केशवसुतांची 'तुतारी' इलेक्ट्रिक गिटारवर गायली असती, तर कसे झाले असते? पोलंडमध्ये हे काही अंशी सरकारी दडपणाने घडले आणि दडपणाचे गुणगान मला करायचे नाही. पण मुंबईत दडपण नव्हते, तशी मागणीही नव्हती. रॉकच्या कार्यक्रमाला येणाऱ्याला मराठी गाणे नको होते आणि मराठी गाण्याच्या कार्यक्रमाला येणाऱ्याला रॉक नको होता. शिवाजी मंदिर आणि रंगभवन यांच्यामध्ये सहा-सात मैलांचे अंतर, पण प्रेक्षक जणू दोन देशांतले. नंदू भेंडे हे दोन्हीकडे पाय असलेले जवळजवळ एकटेच. एकट्याच्या पायांनी पूल होत नाही.

गोव्याच्या रेमो फर्नांडिस यांचे उदाहरण येथे आठवते. तेही मुंबईला वास्तुशास्त्र शिकले आणि येथल्याच बँडांत वाजवू लागले, पण पुढे शिवोलीला परतून आपल्या गावाविषयी गाऊ लागले. १९८४ मध्ये त्यांनी घरीच ध्वनिमुद्रित केलेली कॅसेट स्वतः स्कूटरवरून विकली. त्यांच्यामागे एक गाव होते. उलट मुंबईच्या रॉक गायकाला गाव कोणते म्हणायचे?

मग डिस्को आला. लंडनस्थित बिद्दू यांनी 'कुर्बानी'त (१९८०) नाझिया हसनचा आवाज आणला आणि हिंदी चित्रपटाचा ठेका बदलला. बप्पी लाहिरी त्यात अग्रभागी. रॉक गायकांना येथे काम मिळू लागले, कारण असला जोरकस, धारदार आवाज परंपरेतल्या पार्श्वगायकांकडे नव्हता. 'डिस्को डान्सर'चे शीर्षकगीत विजय बेनेडिक्ट गायिले आणि 'कृष्णा' नंदू भेंडे गायिले. या गाण्याची चाल टीलमन ब्रदर्स या बँडच्या येशूवरच्या गाण्यावरून घेतलेली. यहूदा होऊन प्रसिद्धी पावलेल्या गायकाने येशूच्या चालीवर कृष्णाला हाक मारली, हा योगायोग कोणी कादंबरीत लिहिला तर खोटा वाटेल. आणि बेने इस्रायल कीर्तनकारांनी आपली कथा आपल्या चालींत बसवली होती, त्याच्या नेमकी उलट ही तऱ्हा : चाल परकी, देव आपला.

चित्रपट सोव्हिएत रशियात कोट्यवधींनी पाहिला. पण पार्श्वगायनात आवाज एकाचा आणि चेहरा दुसऱ्याचा. रंगमंचावर ज्याचा घाम पहिल्या रांगेला दिसत होता, त्याचे पडद्यावर फक्त नाव उरले, तेही श्रेयनामावलीत झरकन निघून जाणारे. त्यांनी 'डिस्को दुनिया' ही ध्वनिफीतही काढली. पुढच्या वर्षांविषयी लिहिण्यासारखे माझ्यापाशी थोडेच आहे. ११ एप्रिल २०१४ रोजी मुंबईत हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. नव्वदी ओलांडलेले वडील तेव्हा हयात होते. दहा महिन्यांनी, फेब्रुवारी २०१५ मध्ये, आत्माराम भेंडेही गेले. वडिलांचे नाव आमच्या घरात सर्वांना माहीत होते. मुलाचा आवाज आमच्या घरात रोजचा होता. दोन्ही एकाच घरातले, हे मात्र कोणालाच माहीत नव्हते.

हा सारा विषय माझ्या डोक्यात इतका का घोळला, त्याचे एक कारण सांगते. माझ्या वर्गातला एक मुलगा गिटार वाजवतो. गेल्या वर्षी एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत त्याने स्वतः रचलेले मराठी गाणे 'पाश्चात्य गायन' या विभागात म्हणायचे ठरवले. गाणे लोकलच्या सकाळच्या गर्दीविषयी होते, आणि सूर, ताल, साथ सगळे रॉकचे. नोंदणीच्या टेबलावर त्याला सांगण्यात आले, की या विभागात इंग्रजी गाणे लागते, मराठी असेल तर सुगम संगीताकडे जा. तो सुगम संगीताच्या टेबलाकडे गेला. तेथे म्हणाले, साथीला हार्मोनियम-तबला चालेल, इलेक्ट्रिक गिटार चालणार नाही. तो दोन टेबलांच्या मध्ये गिटार घेऊन उभा राहिला, आणि मग आम्ही वडापाव खाऊन घरी आलो.

मी त्याला अंकुशाची गोष्ट सांगितली. त्याने नंदू भेंडे हे नाव ऐकले नव्हते. दुसऱ्या दिवशी तो पुलंचे पुस्तक माझ्याकडून घेऊन गेला, ते अजून परत आलेले नाही. ग्रंथपाल सरांनी हे वाचल्यास क्षमा करावी. या वर्षी त्याने त्याच स्पर्धेचा अर्ज पुन्हा भरला आहे. विभाग : पाश्चात्य गायन. भाषेच्या रकान्यात त्याने ठळक अक्षरांत 'मराठी' लिहिले आहे, आणि की-बोर्डच्या साथीला माझ्या बाबांना विचारले आहे. बाबांनी एकच अट घातली, की तालीम रविवारी ठेवायची. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा त्या अर्जाचे काय झाले ते कळलेले असेल.